आठ नंबरचा जोडा

मापकरांचं टक्कल मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. बावीस वर्षं मी ते वरून बघत आले. बुटांच्या दुकानाचा माळा म्हणजे माझं राज्य. भिंतभर खोकी, एक पिवळा दिवा, जमिनीला चौकोनी भोक, भोकाला टेकवलेली शिडी, आणि खाली गिऱ्हाइकासमोर गुडघ्यावर बसलेले मापकर. मान वर न करता ते ओरडायचे, "सात, काळा, नाडीवाला!" मी खोकं शोधायची, भोकातून सोडायची, ते झेलायचे. झाकण वाटेत उडू नये म्हणून प्रत्येक खोक्याला मी सुतळी बांधून ठेवायची. एका बाजूला फास, एका हाताने ओढला की सुटणारा. दिवसाकाठी आमच्यात शंभर शब्द होत असतील तर त्यातले नव्वद नंबर आणि रंग.

मापकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं हजेरीच्या वहीत होतं आणि तिथून ते कुणी बाहेर काढलं नाही. मला ते "वरच्या बाई" म्हणायचे. मी खाली उतरले तरी वरच्याच बाई.

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. गिऱ्हाईक बसलं की हे उजवा गुडघा फरशीला टेकवणार, गिऱ्हाइकाचा पाय आपल्या डाव्या मांडीवर घेणार आणि खिशातली लाकडी मापपट्टी काढणार. गिऱ्हाइकाने नंबर सांगायला तोंड उघडलं की म्हणणार, "नंबर नको, पाय द्या." मागून मला सांगायचे, "वय आणि नंबर, दोन्ही लोक कमी करून सांगतात." सकाळी येणाऱ्याला ते सरळ संध्याकाळी परत यायला सांगत. पाय दिवसभरात सुजतो, जोडा सुजलेल्या पायाला घ्यायचा, नाहीतर महिन्याभरात शिव्या देत परत येतं माणूस. हे मी इतक्यांदा ऐकलं की माझंही डोकं तसंच चालू लागलं. पुढे तेच मला नडलं.

चाळीस वर्षं त्यांनी या गावाच्या पायाशी बसून काढली, पण रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे. लोकांनी त्यांचं टक्कल पाहिलेलं, चेहरा कुठे? ते मात्र सगळ्यांना ओळखायचे, पण बुटांवरून. "या बाईंचा डावा पाय मोठा," म्हणत मान वर करेपर्यंत बाई कोपऱ्यावरून वळलेल्या असायच्या. याला मी आधी विनोद समजत होते.

घरी कुणी नव्हतं. बायको वारली त्या दिवशी हे दुकानात होते. शाळा उघडायचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि निरोप आला तो गल्ल्यावरच्या माणसाने एका कागदावर लिहून बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने दिला. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती एवढंच म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी पोराची नाडी बांधत होता." नोकरी लागल्यावर ती दूरच्या शहरात गेली आणि तिथेच राहिली. वर्षातून दोन फोन. तेही दोन्हीकडून घड्याळाकडे बघत केलेले असावेत, असं मापकरांच्या दुसऱ्या दिवशीच्या तोंडावरून वाटायचं.

माझ्या घरी तरी कोण होतं म्हणा. आईवडिलांचं करता करता माझं लग्नाचं वय माळ्यावर गेलं, मग मीही गेले.

गुडघ्याचं सुरू झालं ते एका भर दुपारी. एका गृहस्थांना जोडा चढवून झाला, ते उठून आरशासमोर फिरले, परत बसले, "पक्का करा" म्हणाले. मापकर उठलेच नाहीत. मला वरून दिसत होतं, टकलावर घाम डवरलेला. गृहस्थ म्हणाले, "अहो, झालं ना?" हे म्हणाले, "झालं, झालं," आणि तसेच बसून राहिले. शेवटी शिडीचा पाय धरून उभे राहिले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कुणी खिळा ठोकल्यासारखं झालं, असं मग सांगितलं.

एक्स-रे काढला, काही दिसलं नाही. दुकानातल्या प्रत्येकाने एकेक मलम सुचवलं आणि त्यांनी ती सगळी लावली. दोन महिने दुकानाला कातड्याऐवजी मलमाचाच वास. गुडघ्याला पट्टा बांधलेला पाहून मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मापकरांनी तर गुडघ्याला बाशिंगच बांधलं! नवरी कोण?" आणि माळ्याकडे बघून हसले. मी एक खोकं जरा जोरातच खाली सोडलं. मालकांच्या पायाशी पडलं, डोक्यावर पडलं नाही, हे त्यांचं नशीब.

शेवटी मोठ्या मशीनमधली तपासणी झाली आणि हाडांच्या डॉक्टरांनी बोलावलं. एकट्याला लंगडत जाताना मला बघवेना. तसं सांगितलं मात्र नाही. म्हटलं, त्या बाजूला माझं काम आहे.

डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगायची हौस होती. मांडीचं हाड गुडघ्यापाशी जिथे संपतं, तिथल्या आतल्या बाजूच्या तुकड्याला रक्त पोचेनासं झालं होतं. तो तुकडा मेला होता आणि वरच्या भाराने खचत चालला होता.

"माणूस जिवंत आणि हाड मेलेलं?" मापकरांनी विचारलं.

"होतं असं."

"चाळीस वर्षं गुडघ्यावर बसलो, त्याने?"

"ठाम नाही सांगता येत. कधीच न बसणाऱ्यांनाही होतं."

मापकरांचा चेहरा उतरला. एवढी वर्षं बसले, त्याचं निदान दुखणं तरी आपलं असावं ना! तेही नाही.

बाहेरची बाजू धडधाकट होती, म्हणून डॉक्टर अर्धाच गुडघा बदलणार होता. मेलेल्या भागावर धातूची टोपी, खाली धातूची पट्टी, मध्ये प्लास्टिकची चकती. मापकरांनी मान डोलावली. "म्हणजे जोडा टाकायचा नाही. टाच आतून झिजलीय, तेवढीच नवी लावायची."

"तसंच समजा," डॉक्टर हसला.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मला पुन्हा गुडघ्यावर बसता येईल?"

"ऑपरेशन आमचं, वाकवणं तुमचं," डॉक्टर म्हणाला. "पहिले सहा आठवडे रोज वाकवलात, नव्वदच्या पुढे नेलात, तर काही महिन्यांनी मऊ उशी घेऊन बसून बघा. काहींना जमतं. गुडघा आखडू दिलात तर मग खुर्चीत बसतानाही पाय पुढे काढून बसावं लागेल."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बसता नाही आलं तर मालक मला गल्ल्याशेजारी स्टुलावर ठेवतील. 'या, बसा' म्हणायला." त्यांच्या घरात बोलायला कुणी नव्हतं आणि रस्त्यात कुणी ओळखत नव्हतं. दिवसातून तीसचाळीस माणसं त्यांच्या मांडीवर पाय ठेवायची, तेवढाच काय तो माणसांचा स्पर्श. हे मला तिथे दवाखान्याच्या पायऱ्यांवर कळलं आणि कळलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे भलतंच बोलले. म्हणाले, "पायऱ्या जपून उतरा."

भरती होताना एक कागद भरायचा होता. जवळच्या नातेवाइकाच्या जागी त्यांनी मुलीचा फोन नंबर लिहिला, न बघता, पाठ. खाली सोबत असणाऱ्याचं नाव आणि रुग्णाशी नातं. तिथे पेन थांबलं. मी ते ओढून घेतलं, माझं नाव लिहिलं आणि नात्यापुढे लिहिलं, "दुकानातल्या."

सिस्टर म्हणाली, "बाई, हे काय नातं आहे?"

"बावीस वर्षांचं आहे," मी म्हटलं. तिने कागदावर शिक्का मारला.

त्यांच्या पिशवीत दोन कपडे, एक पंचा आणि ती लाकडी मापपट्टी होती. सिस्टरने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही कशाला?" मापकर म्हणाले, "असू दे."

मुलीला फोन मी केला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. काय होतं ते कळवा." मी फोन ठेवणार तेवढ्यात तिने विचारलं, "ते दुकान अजून चालू आहे?" मी हो म्हटलं. "वाटलंच," ती म्हणाली.

मापकर माझ्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. मी सांगितलं, "तिला रजा मिळत नाहीये. फार काळजी करत होती." एवढ्यावर थांबायला हवं होतं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण मी बुटांच्या दुकानातली. मी त्याला जोडा घेऊन दिला.

ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून चार पावलं चालवलं. तिसऱ्या दिवशी मी एक खोकं त्यांच्या पलंगावर ठेवलं. मऊ कातड्याचा, रुंद चवड्याचा, पुढून मोकळा सुटणारा जोडा. आमच्या दुकानात नव्हता, दुसऱ्या बाजाराच्या टोकाला जाऊन आणला होता. म्हटलं, "मुलीने पाठवलाय. कुरिअरने आला."

ते उठून बसले. सुतळीवर क्षणभर हात ठेवला, मग फास ओढला. झाकण काढलं, कागद बाजूला केला, कातड्यावरून अंगठा फिरवला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी समोरून पाहिला आणि मला माझ्या खोटेपणाचा अभिमान वाटला. मग चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी जोडा उलटा केला आणि तळावरचा आकडा पाहिला.

"आठ," ते म्हणाले.

मी खोक्यातला कागद घडी करायला घेतला.

"माझा नंबर सात आहे. आयुष्यभर सात. लहानपणी माझे बूट घालून घरभर फिरायची. तिला माझा नंबर माहीत नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑपरेशननंतर पाय सुजणार, घोट्यापर्यंत सुजणार, जोडा सुजलेल्या पायाला घ्यायचा, म्हणून मी एक नंबर वर गेले होते. दुकानातलं माणूस तसंच करणार. मुलगी कशाला करेल? मुलीने वडिलांचा जोडा घेतला तर वडिलांचा नंबर घेईल. करायला गेले एक आणि झालं भलतंच. "अहो, पाय सुजतो म्हणून घेतला असेल," असं मी पुटपुटले. त्यांनी जोडा खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दवाखान्यातून सोडल्यावर ते घरी आले. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर बायको गेल्यापासून कुणी बसलेलं नसावं, कारण तिच्यावरची चादर घडीची घडी होती. आठवड्यातून तीनदा व्यायामवाली मुलगी यायची. तिने पलंगासमोर फरशीवर खडूने रेघ मारून दिली. पलंगाच्या कडेला बसायचं, उजवी टाच जमिनीवरून मागे सरकवायची, रेघ ओलांडली की नव्वद. रोज पाच वेळा.

मापकर रोज पाच वेळा खिडकीबाहेर बघायचे. व्यायामवाली असताना ते दात खाऊन थोडं करायचे, ती गेली की पाय लांब करून बसायचे. मी दुकानातून सुटल्यावर जायची तर पाय तसाच, काठीसारखा. "दुखतं," एवढंच म्हणायचे. दुखायचंच, पण चाळीस वर्षं हा माणूस पाठ दुखते म्हणून कधी बसून राहिला नव्हता. खोकं पलंगाखाली ढकललेलं असायचं, तळातला आठचा आकडा आत घेऊन.

दुकानात त्यांच्या जागी एक नवा माणूस आला. तो उभ्याउभ्याच विचारायचा, "नंबर?" आणि वर ओरडायचा. गुडघा टेकत नव्हता, पट्टी काढत नव्हता. परत येणारे जोडे वाढले. मी भोकातून खाली बघायची तर तिथे भरपूर केस असलेलं डोकं दिसायचं. मला त्या केसांचा उगीचच राग यायचा.

चौथ्या आठवड्यात व्यायामवालीने मला जिन्यात गाठलं. "बाई, गुडघा साठच्या पुढे जात नाही. असंच राहिलं तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल, आणि तेवढं करूनही पूर्ण येईलच असं नाही. घरी कुणीतरी करून घ्यायला हवं. मुलगी नाही का येत?"

त्या रविवारी दुपारी मी गेले. जाताना ठरवलं होतं, आधी पाणी पिईन, मग सांगेन. दारातच सांगून टाकलं.

"तो जोडा मी आणलाय. तुमच्या मुलीने नाही. तिला दोष देऊ नका. ती फक्त कळवा म्हणाली. काळजीबिळजी मी माझ्या मनचं घातलं. आठ नंबर माझी चूक, म्हणजे चूक नाही, तुम्हीच शिकवलंत. आता मला काय बोलायचं ते बोला आणि तो गुडघा वाकवा."

मापकरांनी वाकून पलंगाखालच्या खोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सुतळी. असा फास गावात दुसरं कोण बांधतं? बावीस वर्षं रोज सोडतोय मी तो."

मला बसायला काहीतरी हवं होतं. मी त्या चादरीच्या खुर्चीवर बसले. "मग माझ्यावर रागवायचं. महिनाभर तिच्यावर कशाला रुसलात?"

त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा उगीच सारखा केला. "पहिल्या दिवशी वाटलं, गाठ बाईंची असली तरी जोडा तिचा असेल. तुमच्याकडे पाठवला असेल, तुम्ही नीट बांधला असेल. मग आठ बघितला. म्हटलं, संपलं, जोडाही बाईंचाच. पण बाई, तिच्यावर रागवायला मला इतक्या वर्षांत काही मिळालं नव्हतं. तीच रागवायची. मी ऐकायचो. तिचं बरोबरच होतं. तीच नंबर विसरली असं धरून चाललो, तर मला एक कारण मिळालं. रोज सकाळी उठून भांडत होतो तिच्याशी, मनातल्या मनात. रागवायला तरी कुणीतरी लागतं माणसाला."

मला रडू आलं आणि त्याचा मला संताप आला. "एवढ्यासाठी पाय घालवताय? अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमची त्या अर्ध्यात होती वाटतं, डॉक्टरांनी काढून टाकलेल्या!"

ते हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग विचारलं, "आवाज कसा आहे तिचा?"

"तुमच्यासारखाच. नंबर सांगितल्यासारखी बोलते."

"दुकानाचं विचारलं?"

"विचारलं. अजून चालू आहे का म्हणून."

त्यांनी मान हलवली. "मी करीन फोन. उचलेल, न उचलेल." त्यांची नजर फरशीवर होती, माझ्या पायांपाशी. मी नकळत पाय खुर्चीखाली घेतले.

"चपला आत घेऊ नका. पाय द्या."

"काय?"

"तुमचं माप मी कधी घेतलं नाही. नंबर काय तुमचा?"

"पाच."

"नंबर नको," ते म्हणाले, "पाय द्या."

उशाखालून त्यांनी लाकडी पट्टी काढली. मी चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. माझ्या टाचेला भेगा होत्या. बावीस वर्षं बुटांत काढून माझ्या पायांकडे मीही नीट बघितलं नव्हतं. ते पलंगाच्या कडेला सरकले. मांडीवर घेता येईना म्हणून मी पाय पलंगाच्या कडेवर, त्यांच्या डाव्या बाजूला टेकवला. माझी टाच पट्टीला लागेना. त्यांना अजून पुढे वाकायला हवं होतं. त्यांनी उजवी टाच मागे घेतली, थोडी, मग आणखी थोडी. दात एकमेकांवर दाबलेले मला ऐकू आले. पण त्यांचं लक्ष गुडघ्याकडे नव्हतं, माझ्या अंगठ्याकडे होतं. अंगठा पट्टीवर कुठे येतो ते ते डोळे बारीक करून बघत होते. खाली त्यांची टाच खडूच्या रेघेवरून पलीकडे गेली. मी पाय तसूभरही हलवला नाही.

"चुकीचा नंबर घालताय," ते म्हणाले. "बोटं मुडपलीत बघा. दुखत नाही?"

"दुखतात."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला?"

त्यांनी पट्टी माझ्या पायाला तशीच धरून ठेवली, मान वर केली नाही, आणि दुकानात ओरडायचे तसे मोठ्याने ओरडले, "साडेपाच, काळी, मऊ तळाची!"

मग आम्ही दोघंही थांबलो. वर माळा नव्हता, नुसतं छत होतं. खोकं सोडणारं माणूस खाली होतं, त्यांच्यासमोर, एक पाय त्यांच्या हातात देऊन.